गायकाची पट्टी, गिटारची पट्टी

कॉलेजच्या गॅदरिंगची तालीम. गाणारी मुलगी सांगते, "माझी काळी पाच." पेटीवाला मुलगा स्केल चेंजर पेटीचा कीबोर्ड सरकवतो, बोटं सवयीच्या जागी ठेवतो आणि सूर देतो. तबलजी तबला लावायला घेतो. गिटारवाला मात्र अडतो. त्याने गाणं बसवलंय जीमध्ये, आणि काळी पाच म्हणजे ए शार्प. त्या पट्टीतली जवळजवळ प्रत्येक कॉर्ड बार कॉर्ड, म्हणजे पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबून धरायचं आणि उरलेल्या तीन बोटांत कॉर्ड उभी करायची. दोन कडव्यांत मनगट भरून येतं, आणि मोकळ्या तारांचा जो खुला, घुमणारा आवाज गाण्याला हवा होता, तो तर निघूनच जातो.

पेटीवाल्याने कीबोर्ड सरकवून जे केलं, तेच गिटारवर करणारी वस्तू म्हणजे कॅपो. गिटारच्या मानेवर, एखाद्या फ्रेटच्या मागे लावायचा हा छोटा चिमटा. तो सगळ्या तारा एकाच रेषेत दाबून धरतो आणि तिथून पुढे गिटार नव्याने सुरू होते. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून या मुलाने जीच्याच कॉर्ड वाजवल्या, तर ऐकू येते ती काळी पाच. बोटं तीच, आकार तेच, मोकळ्या तारांची घुमही शाबूत.

कॅपो हा मूळ इटालियन 'कापोतास्तो' या शब्दाचा तुकडा. कापो म्हणजे डोकं आणि तास्तो म्हणजे फ्रेट. नाव अगदी नेमकं आहे. गिटारच्या डोक्याकडे हाडाची किंवा प्लास्टिकची जी आडवी खाचांची पट्टी असते, तिला नट म्हणतात. तार वाजते ती या नटपासून ब्रिजपर्यंत. कॅपो म्हणजे सरकवता येणारा नट. अकूस्टिक गिटारवर ही वाजणारी लांबी बहुधा ६४८ मिलिमीटरच्या आसपास असते. प्रत्येक फ्रेटला सूर अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे कंपनसंख्या सुमारे ५.९५ टक्क्यांनी वाढते. सातव्या फ्रेटवर कॅपो लावला की तारेची जेमतेम दोन तृतीयांश लांबी, सुमारे ४३२ मिलिमीटर, वाजायला उरते. म्हणून तिथे गिटारचा आवाज बारीक, लखलखीत, थोडा मँडोलिनकडे झुकणारा होतो.

ही गोष्ट अनेक शिकणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. कॅपोने पट्टी बदलते, तसा आवाजाचा पोतही बदलतो. बीटल्सच्या १९६९च्या 'अ‍ॅबी रोड' अल्बममधलं 'हिअर कम्स द सन' जॉर्ज हॅरिसन यांनी सातव्या फ्रेटवर कॅपो लावून, डीच्या आकारात वाजवलं आहे. ऐकू येतो तो ए. ए ही गिटारवर साध्या मोकळ्या कॉर्डची पट्टी, तिच्यासाठी कॅपोची काहीच गरज नव्हती. पण नुसत्या एच्या कॉर्ड वाजवल्या तर त्या सुरावटीतलं कोवळं ऊन येत नाही. ते येतं आखूड झालेल्या तारांतून आणि डीच्या आकारात करंगळी-अनामिकेने पहिल्या तारेवर करायच्या खेळातून.

'हॉटेल कॅलिफोर्निया'ची गोष्ट आपल्या तालमीच्या खोलीला जास्त जवळची आहे. ईगल्सचे गिटारवादक डॉन फेल्डर यांनी या गाण्याची चाल ई मायनरमध्ये बांधली होती. डॉन हेन्ली यांच्या गळ्याला ती पट्टी पेलेना, म्हणून गाणं बी मायनरमध्ये नेलं. सातव्या फ्रेटवर कॅपो लावला की ई मायनरचेच आकार बी मायनर वाजवतात. फेल्डर मंचावर दोन मानांची गिटार घेऊन हे गाणं वाजवतात, तेव्हा बारा तारांच्या मानेवर सातव्या फ्रेटला लावलेला कॅपो स्पष्ट दिसतो. जगातल्या सर्वांत गाजलेल्या गिटार-सुरावटींपैकी एक गायकाच्या गळ्यासाठी सरकवली गेली, हे "कॅपो म्हणजे कच्च्या वादकाची कुबडी" म्हणणाऱ्यांना आवर्जून सांगण्यासारखं आहे.

स्पेनमधल्या फ्लामेंको वादकांपुढे तर असं कुणी बोलणारच नाही. तिथे कॅपोला 'सेहिया' म्हणतात. जुन्या पद्धतीची सेहिया लाकडी असते आणि खुंटी पिळून तार ताणली की मानेवर घट्ट बसते. गायक गिटारवाल्याला दोनच गोष्टी सांगतो: 'अरिबा' की 'मेदिओ', म्हणजे ईचा आकार की एचा, आणि सेहिया कितव्या फ्रेटवर. "मेदिओ, तिसऱ्यावर." आपल्याकडे "काळी पाच" म्हणावं तसंच हे. तिथे गळा आधी, वाद्य त्याच्या मागून.

आपल्याकडच्या गायकांची भाषा पेटीची आहे आणि गिटारवाल्याची इंग्रजी अक्षरांची. गोंधळ होतो तो याच सांध्यात. तो एकदाच मिटवून टाकावा. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प आणि पांढरी सात बी. या बारा घरांत एकेक पाऊल म्हणजे एकेक फ्रेट. वाजवायचा आकार जिथे आहे, तिथून गायकाच्या घरापर्यंत पावलं मोजायची. जितकी पावलं, तितक्या फ्रेटवर कॅपो.

पुरुषांच्या आवाजात वारंवार ऐकू येणारी काळी एक घेऊ. सीच्या आकारापासून ती एक पाऊल दूर, म्हणून पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि सीच्या कॉर्ड. किंवा एचा आकार धरून चौथ्या फ्रेटवर. किंवा जी धरून सहाव्यावर. तिन्हींत पट्टी एकच, पण गाणं तीन वेगवेगळ्या कपड्यांत समोर येतं. सीच्या आकारात खालचे सूर भरीव लागतात, मात्र मध्येच एफची बार कॉर्ड आडवी येते. सहाव्या फ्रेटवरचा जी उंच आणि झुळझुळीत. भावगीतासारख्या संथ गाण्याला एच्या आकारातला मध्यम वजनाचा आवाज बरा बसतो, असा प्रस्तुत लेखकाचा कौल. ऐकणाऱ्याने आपल्या कानाने ठरवावं.

काळी पाचसाठी एचा आकार पहिल्या फ्रेटवर, जी तिसऱ्यावर, ई सहाव्यावर. काळी चारसाठी जी पहिल्यावर, ई चौथ्यावर, डी सहाव्यावर. पांढरी चारसाठी ई पहिल्यावर किंवा डी तिसऱ्यावर. एवढं तोंडपाठ असलं की बहुतेक तालमी निभावतात.

एक मर्यादा विसरू नये: कॅपोने सूर वरच जातो, खाली येत नाही. गाणं सीमध्ये बसलंय आणि गायकाला अर्धा स्वर खालची पांढरी सात हवी असेल, तर सीचा आकार सोडून द्यावा आणि एच्या आकाराने दुसऱ्या फ्रेटवर किंवा जीच्या आकाराने चौथ्या फ्रेटवर यावं. कॉर्डची अदलाबदल कागदावर आधी लिहून घेतली तर तालमीत वेळ जात नाही. कीबोर्डवाला किंवा बासवाला सोबत असेल तर त्याला बोटांचा आकार सांगू नये, कानाला ऐकू येणारी पट्टी सांगावी. तिसऱ्या फ्रेटवर जी वाजवणाऱ्याने "जी आहे" म्हटलं आणि कीबोर्डवाल्याने खरोखर जी धरला, तर पहिल्याच ओळीत दोघं दीड स्वराच्या अंतरावर उभे असतात.

आता खरेदी. बाजारात ढोबळमानाने तीन जाती दिसतात. पहिली स्प्रिंगची: कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी, एका हाताने दाबून लावता-काढता येणारी. टेक्सासच्या कायझर कंपनीचा 'क्विक चेंज' आणि डनलॉपचा 'ट्रिगर' ही यातली प्रसिद्ध नावं, आणि त्यांच्या धाटणीचे स्वस्त कॅपो तर प्रत्येक वाद्याच्या दुकानात टांगलेले असतात. दोन गाण्यांच्या मधे झटकन पट्टी बदलायची तर यासारखं सोयीचं काही नाही. पण स्प्रिंगचा जोर ठरलेला असतो. तो बारीक तारांना अनेकदा गरजेपेक्षा जास्त होतो आणि गिटार कणसूर लागते.

दुसरी जात स्क्रूची किंवा तरफेची. कॅलिफोर्नियातले रिक शुब यांच्या नावाचा कॅपो या जातीचा उत्तम नमुना. मागचा छोटा स्क्रू फिरवून दाब आधी नेमका ठरवायचा, मग तरफ मिटली की कॅपो मानेवर घट्ट बसतो. गिटारची मान ब्रिजच्या दिशेने जाड होत जाते, म्हणून दुसऱ्या फ्रेटवर बेताचा असलेला दाब सातव्यावर जास्त होतो. स्क्रू असला की तो कमी करता येतो. लावायला दोन-चार सेकंद जास्त लागतात. तरीही घरी रियाज करणाऱ्याने, रेकॉर्डिंग करणाऱ्याने आणि ज्याचा कान सुराला हट्टी आहे त्याने हाच घ्यावा, असं इथे ठामपणे सुचवावंसं वाटतं. ब्रिटनच्या जीसेव्हन्थ कंपनीचे कॅपो हाताने दाबू तितकाच दाब धरून ठेवतात. ते सोयीचे आणि सुरेल, पण महाग.

तिसरी जात इलॅस्टिकच्या पट्ट्याची. वजनाला नगण्य, किमतीला हलकी, पण पट्टा सैल पडत जातो. प्रवासात एक जवळ असावा, इतकंच. पेन्सिल आणि रबरबँडने केलेला घरगुती कॅपोही एखाद्या रात्री शेकोटीपाशी गाणं तारून नेतो. रोज वापरला तर दाब सारखा पडत नाही आणि मानेला चरे जातात.

जातीपेक्षा महत्त्वाचा आहे तो मानेशी असलेला मेळ. पोलादी तारांच्या अकूस्टिक गिटारचा फ्रेटबोर्ड किंचित गोलसर असतो. मार्टिनच्या गिटारवर ही गोलाई बहुधा १६ इंच त्रिज्येची, गिब्सनवर १२ इंचांची. इलेक्ट्रिक गिटारवर ती अनेकदा याहूनही जास्त ठसठशीत. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारचा फ्रेटबोर्ड मात्र सपाट आणि रुंद: नटपाशी सुमारे ५२ मिलिमीटर, तर पोलादी तारांच्या गिटारवर ४३ ते ४५. म्हणून अकूस्टिकसाठी बनवलेला गोलसर कॅपो क्लासिकलवर लावला तर कडेच्या तारा जास्त दाबल्या जातात, मधल्या सैल राहतात, आणि कधी सहावी तार पट्टीबाहेरच उरते. क्लासिकलसाठी सपाट पट्टीचा कॅपो वेगळा मिळतो. दुकानदाराला तसं स्पष्ट सांगावं. बारा तारांच्या गिटारवर तर एका जोडीत जाड आणि बारीक तार शेजारी-शेजारी असतात. तिथे रबर मऊ आणि पकड भक्कम हवी, नाहीतर जाड तार कॅपोला उचलून धरते आणि तिच्या शेजारची बारीक तार खरखरते.

दुकानात जाताना आपली गिटार बरोबर न्यावी. मुंबईत धोबीतलावच्या फुर्टाडोजमध्ये असो की गावातल्या एखाद्या छोट्या दुकानात, कॅपो पाकिटातून काढून लावून पाहू द्या, अशी विनंती करायला संकोचू नये. दुसऱ्या, पाचव्या आणि सातव्या फ्रेटवर तो लावावा. एकेक तार सावकाश छेडावी. एखादी तार दबकी किंवा खरखरती वाजते का ते ऐकावं. मग डोक्यावर चिमट्यासारखा बसणारा ट्यूनर लावून प्रत्येक तारेचा सूर किती चढतोय ते पाहावं. त्यानंतर डी, जी, सी या कॉर्ड धरून बघाव्यात. कॅपोचा दांडा किंवा स्प्रिंगचा हात डाव्या हाताच्या आड येत असेल, तर तो कितीही नावाजलेला असो, परत ठेवावा. मानेच्या मागच्या बाजूला टेकणारा भाग रबराचा किंवा मऊ असावा. उघडा धातू पॉलिशला खूण पाडतो.

साधा स्प्रिंगचा कॅपो दोन-तीनशे रुपयांतही मिळतो, नावाजलेल्या कंपन्यांचे त्याच्या कित्येक पटींत. सुरुवातीला स्वस्त घ्यायला हरकत नाही, मात्र वरची परीक्षा तो पास झाला पाहिजे. शिकाऊ मुलाच्या हातात बेसूर करणारा कॅपो देणं म्हणजे त्याच्या कानाला चुकीची सवय लावणं.

लावायची रीत छोटी आहे, पण निम्मे लोक ती चुकवतात. आधी कॅपोशिवाय गिटार नीट सुरात लावावी. मग कॅपो फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या अगदी लगत, तिच्या मागच्या बाजूला आणि तिला समांतर बसवावा. पट्टीवरच चढवला तर आवाज बसतो. दोन फ्रेटच्या मधोमध ठेवला तर तारा खाली जास्त वाकतात आणि सूर चढतो. तिरका बसला तर काही तारा चढतात, काही खरखरतात. स्प्रिंगचा कॅपो लावताना तो पुरता उघडावा, सरळ खाली टेकवावा आणि मग सोडावा. बाजूने घुसवला तर तारा ओढल्या जातात आणि तशाच तिरक्या दाबून राहतात. एका फ्रेटवरून दुसऱ्यावर न्यायचा तर घासत सरकवू नये, उचलून न्यावा.

बसवल्यावर पुन्हा सूर तपासावा. दाबामुळे तार किंचित ताणली जाते, म्हणून सूर जवळजवळ नेहमी चढाच लागतो, आणि फ्रेट उंच असतील तर जास्तच. आधी दाब कमी करून पाहावा: तार खरखरू न देता जितका कमी चालेल, तितकाच दाब योग्य. तरी उरलाच तर खुंटीने अगदी थोडं उतरवावं आणि कॅपोच्या दोन्ही बाजूंनी तार हलकी ओढून सोडावी. कॅपोच्या पकडीत तार अडकून राहते, खुंटीचं फिरणं पलीकडच्या भागाला लगेच कळत नाही. ओढल्याने ताण दोन्हीकडे सारखा होतो. कार्यक्रमात हा एवढासा खटाटोप वाचवण्यापायी पहिलं कडवं कणसूर जातं.

कॅपोचा आणखी एक उपयोग दुकानदार सहसा सांगत नाहीत. तो गिटारची तब्येत दाखवतो. नवशिक्याला एफची कॉर्ड लागतच नाही, बोटं सोलवटतात, आणि तो स्वतःला दोष देतो. अशा वेळी पहिल्या फ्रेटवर कॅपो लावावा आणि मग त्याच आकाराची कॉर्ड एक फ्रेट वर धरावी. कष्ट एकदम निम्मे झाले, सूरही जास्त खरा लागला, तर दोष बोटांचा नाही, नटचा आहे. त्याच्या खाचा उथळ आहेत आणि तारा पहिल्या फ्रेटपाशी गरजेपेक्षा उंच बसल्या आहेत. वाद्य दुरुस्त करणारा कारागीर त्या खाचा घासून खोल करून देतो. कित्येक मुलं पहिल्या वर्षात गिटार माळ्यावर टाकतात. त्यातल्या काहींना ही एवढीच तपासणी थांबवू शकली असती. नट दुरुस्त होईपर्यंत सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवून पहिल्या फ्रेटवर कॅपो ठेवून शिकावं. पट्टी नेहमीचीच राहते, बोटांना आराम मिळतो.

दोन गिटार एकत्र असतील तर कॅपोची खरी मजा कळते. एकाने कॅपोशिवाय जीच्या कॉर्ड वाजवाव्यात, दुसऱ्याने पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून डीच्या आकारात तीच पट्टी धरावी, किंवा सातव्यावर सीच्या आकारात. खाली भरदार पाया आणि वर चमकदार सूर असा थर तयार होतो, जणू दोन वेगळी वाद्यं. दोघंही एकाच जागी तेच आकार वाजवतात तेव्हा नुसता गलका वाढतो.

अर्धा कॅपोही असतो. सहापैकी फक्त तीन तारा दाबणारा. दुसऱ्या फ्रेटवर पाचवी, चौथी आणि तिसरी तार त्याने दाबली की मोकळ्या तारांचे सूर ई, बी, ई, ए, बी, ई असे होतात. डी-ए-डी-जी-ए-डी हे आयरिश संगीतात लोकप्रिय असलेलं वेगळं ट्यूनिंग एक स्वर चढवलं की हेच सूर मिळतात. इथे मात्र खुंट्यांना हात लागलेला नसतो, त्यामुळे वरच्या फ्रेटवर नेहमीचेच आकार चालतात. शिकाऊंनी याच्या मागे लगेच लागू नये. ज्याला एकट्याने वाजवायचं आहे त्याने एकदा जरूर करून पाहावं.

काळजी फारशी नाही. वाजवून झालं की कॅपो मानेवरून काढावा. रात्रभर लावून ठेवला तर रबराला तारांच्या खाचा पडतात आणि मग प्रत्येक तार आपापल्या खाचेत वेगळ्या दाबाने बसते. खाचा पडलेलं रबर बऱ्याच कॅपोंना बदलून मिळतं, ते बदलावं. जुन्या किंवा महाग गिटारला नायट्रोसेल्युलोज लाकर लावलेलं असेल तर रबर त्यावर दीर्घकाळ टेकवून ठेवूच नये, पॉलिश मऊ पडून डाग राहतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकण-गोव्याच्या दमट हवेत, घामाचा हात लागलेली स्प्रिंग गंजते. वापरून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसली तरी पुरे.

तालमीच्या खोलीत मुलगी एक अंतरा गाते आणि थांबते. "काळी पाच आज चढतेय, काळी चार करूया." पेटीवाला कीबोर्ड दोन घरं खाली सरकवतो. गिटारवाला तिसऱ्या फ्रेटवरचा कॅपो उघडतो, उचलून पहिल्या फ्रेटच्या लगत बसवतो, सहा तारा एकदा छेडून ऐकतो, दुसरी जराशी उतरवतो आणि पुन्हा तोच जी धरतो.